पान मागितले, दार दाखवले

एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधातील तळटिपा तपासताना आम्ही तिने दिलेले पत्ते एकेक करून उघडत होतो. सात टिपांच्या ठिकाणी सातही वेळा एकच पान उघडले, ते म्हणजे त्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ. लेख नाहीसे झाले नव्हते. मधल्या काळात सारा मजकूर एका उपफोल्डरमध्ये हलवला गेला होता, आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला त्या फोल्डरच्या दाराशी आणून सोडणारा सरसकट नियम सर्व्हरवर लिहिला होता. शोध घेतल्यावर लेख सापडले. पण असा शोध किती परीक्षक घेतील? टीप खोटी ठरवून गुण कापणे केव्हाही सोपे.

ही केवळ तंत्रज्ञांची बाब आहे असे आम्हांस वाटत नाही. वाचकाने ग्रंथातील विशिष्ट पृष्ठ मागावे आणि ग्रंथपालाने त्याला कपाटापाशी उभे करून निघून जावे, असाच हा प्रकार होय.

उपाय ओळीभराचा आहे. अपाची सर्व्हरसाठी राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ साली मॉड-रीराइट हे साधन लिहिले. त्याच्या नियमात मागितलेला पत्ता कंसात पकडून उपफोल्डरच्या नावापुढे जसाच्या तसा जोडता येतो. अट एकच: जो पत्ता त्या उपफोल्डरपासूनच सुरू होतो, त्याला नियमातून वगळावे. ती राहिली, तर नियम स्वतःच्याच उत्तराला पुन्हा पुन्हा लागू होतो आणि वाचक कोठेच पोहोचत नाही. (आमच्या विभागाच्या स्थळावर हा पराक्रम आम्ही स्वहस्ते केला आहे.)

कायमच्या स्थलांतराला ३०१ हा संकेत, तात्पुरत्याला ३०२. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, म्हणून आधी ३०२ लावून चाचणी घेणे शहाणपणाचे. आमची पसंती मात्र तिसऱ्या मार्गाला आहे. सर्व्हरने आतल्या आत उपफोल्डरमधून लेख आणून द्यावा. वाचकाच्या समोरचा पत्ता बदलूच नये. मग जुनी तळटीप जुनी होत नाही.

पत्ते मुळात बदलूच नयेत, असे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच मांडले होते. तरीही स्थलांतरे होणार, हे आम्ही जाणतो. ते काम करणाऱ्या मित्रांनी जुन्या अंकांतील चार-दोन पत्ते स्वतः उघडून पाहावेत. मुखपृष्ठ समोर आले, तर नियमातला तो कंस तपासावा.