आठशे जणांची 'युजर एरर'?

आमच्या धंद्यात एक फार सोयीचं वाक्य आहे : "सॉफ्टवेअर बरोबर आहे, युजरनं चुकीचं वापरलं." एखाद्या युजरच्या बाबतीत ते खपूनही जातं. पण एकाच मोसमात, एकाच जिल्ह्यात आठशे युजर 'चुकले' तर? मंडळी, त्याला बग म्हणतात. आणि मग तो कोणी शिप केला हे शोधावं लागतं.

2017 च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात हेच झालं. कपाशीवर फवारणी करताना 800 हून जास्त शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, 20 हून जास्त माणसं गेली. लगेच ठरलेली टेप वाजायला लागली. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, दोन औषधं एकत्र केली, पंप चायनीज होता... अहो, विदर्भातल्या दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन रोजानं राबणारा माणूस अख्खं किट चढवेल, असं गृहीत धरून विष विकायचं, हे डिझाइनच चुकलेलं नाही का?

त्या औषधांपैकी एकाचं नाव पोलो. त्यातलं विष डायफेन्थियुरॉन, कंपनी सिंजेंटा, मुख्यालय स्वित्झर्लंडमधलं बासल. हे रसायन युरोपियन युनियननं 2002 मध्ये आणि खुद्द स्वित्झर्लंडनं 2009 मध्ये आपल्या शेतातून हद्दपार केलं होतं. तिथून बाहेर पाठवणं मात्र चालूच होतं! निर्यातबंदी आली ती 1 जानेवारी 2021 पासून. म्हणजे स्विस शेतकऱ्यासाठी जे धोकादायक, ते आपल्याकडच्या शेतकऱ्यासाठी धोकादायक ठरायला आणखी बारा वर्षं लागली.

2021 मध्ये यवतमाळचा एक वाचलेला शेतकरी आणि दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नी यांनी बासलच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. कंपनी म्हणते, आमच्या औषधामुळे हे झालेलं नाही. ठीक आहे, कोर्टात ठरू दे. माझा मुद्दा एवढाच की ते कोर्टात ठरलं पाहिजे, आणि जिथे निर्णय झाले त्या गावच्या कोर्टात ठरलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कोर्टं नाहीत का? आहेत की. पण भोपाळ आठवा. 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानं "तुमचं तुम्ही भारतात बघा" म्हणून खटला परत पाठवला. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. अँडरसन फरार घोषित झाला आणि 2014 मध्ये अमेरिकेतच वारला. उलट 2019 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं झांबियातल्या गावकऱ्यांना वेदांताविरुद्ध लंडनमध्ये दावा चालवू दिला. म्हणजे जमतं. हो, यात कंपनी आपल्या माणसाची आहे, आणि तरीही मला आनंदच झाला. नियम दोन्ही बाजूंना सारखा हवा.

आणि सीमेपलीकडची जबाबदारी आपल्याला काही नवीन नाही हो! आपल्या कंपनीनं झ्युरिकच्या बँकेची सिस्टीम दोन तास बंद पाडली तर पेनल्टी बरोबर पुण्यापर्यंत येते. कोणत्या देशाचं कोर्ट, हेही कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच लिहिलेलं असतं. सर्व्हर पडला तर कायदा विमानानं येतो, माणूस पडला तर त्याला व्हिसा मिळत नाही.

अर्थात सगळं बिल बासलला पाठवून आपण मोकळे होत नाही. दावा जिंकायला पुरावा लागतो, आणि पुरावा यवतमाळातच गोळा व्हायला हवा होता. अनेक कीटकनाशकांची बाधा ओळखायला रक्तातलं कोलिनेस्टरेझ तपासतात. 2017 मध्ये ती सोय यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये नव्हती. पोलोच्या विषावर तर ठरावीक उताराच नाही, लक्षणं पाहून उपचार करायचे. अशा वेळी कोणती बाटली, कोणता बॅच, किती वाजता फवारलं, हे नोंदवणं म्हणजे आमच्या भाषेत लॉग. लॉगच नसेल तर दोष कोणाचा हे कोण सिद्ध करणार? आणि आपला 1968 चा कीटकनाशक कायदा असा, की त्यात बाधिताला कंपनीकडून भरपाई मिळवून देणारं कलमच नाही. मृतांच्या घरच्यांना सरकारनं जाहीर केले 2 लाख. तेही कर भरणाऱ्यांच्या खिशातून!

नोव्हेंबर 2020 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झालं. तिथल्या कंपन्यांना परदेशातल्या नुकसानीबद्दल घरच्या कोर्टात जबाबदार धरावं का? 50.7 टक्के लोक 'हो' म्हणाले. बहुसंख्य कँटन 'नाही' म्हणाले म्हणून प्रस्ताव पडला. म्हणजे अर्ध्याहून जास्त स्विस मतदारांना जे पटलं, त्यासाठी आपल्या संसदेत निदान एक कलम मागायला काय हरकत आहे? विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाची रक्ततपासणी आणि बाटलीची नोंद सक्तीची करा, आणि भरपाईची जबाबदारी थेट उत्पादकावर टाका, मग तो कुठल्याही देशातला असो. आपापल्या खासदाराला एवढं लिहायला अर्धा रविवार पुरतो.