पडद्यामागचा हिशेब

‘रिअर विंडो’ (१९५४) म्हणजे हिचकॉक, एवढे म्हटले की आपली रसिकता संपते! पण पॅरामाउंटच्या स्टुडिओत जमीन खोदून ३१ बिऱ्हाडांचे अंगण उभे करायचे, त्याचा पैसा, माणसे आणि दिवस यांचा मेळ कुणीतरी घातलाच असेल ना? ते काम सी. ओ. एरिक्सन या निर्मिती-व्यवस्थापकाचे होते. चित्रपटसृष्टीत त्यांना ‘डॉक’ म्हणत.

‘व्हर्टिगो’ (१९५८) धरून हिचकॉकच्या पाच चित्रपटांना एरिक्सन यांनी ही साथ दिली. पुढे जॉन ह्यूस्टनच्या ‘द मिसफिट्स’साठी ते १९६० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात होते. रखरखीत ऊन, त्यात मेरिलिन मन्रोचे आजारपण. काही दिवस चित्रीकरणच बंद पडले. अशा वेळी नुसती प्रतिभा काय करणार? आज काय उरकायचे, खोळंबलेल्या माणसांचे काय करायचे, हे पाहणारा माणूस लागतो. ‘चायनाटाउन’चे (१९७४) व्यवस्थापनही एरिक्सन यांचेच, आणि ‘ग्राउंडहॉग डे’चे (१९९३) तर ते कार्यकारी निर्माते. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

हिशेब आला की कला मेली, असे आपण कला शाखेचे विद्यार्थी मोठ्या ऐटीत म्हणतो. मला ते पटत नाही. हिशेबातून कलाकृती जन्मत नाही हे कबूल; पण हिशेब चुकला तर उत्तम कल्पनाही कागदावरच राहते. चित्रपटावर लिहिताना, बोलताना आपण या माणसांचीही दखल घेतली पाहिजे. ती उपकाराची नव्हे, न्यायाची गोष्ट आहे.