'फारसं लिहिलं गेलेलं नाही' म्हणणाऱ्या प्रबंधांना उत्तर



बेने इस्राएल समाजावर एम.ए.चा किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहायचा म्हटलं की सुरुवातीला एक प्रकरण लिहावंच लागतं: या विषयावर आजवर कोणी काय लिहिलं, त्याचा आढावा. इंग्रजीत लिटरेचर रिव्ह्यू, इकडच्या विद्यापीठांत 'स्किरात सिफरूत'. आणि त्या प्रकरणात हमखास एक वाक्य सापडतं: 'या समाजावर फारसं लिहिलं गेलेलं नाही.'

हे वाक्य खरं नाही. 'मला वाचता येणाऱ्या भाषांत मला फारसं सापडलं नाही' एवढाच त्याचा खरा अर्थ असतो. पण तसं लिहिलं तर दोष आढावा घेणाऱ्याकडे जातो. 'लिहिलं गेलेलं नाही' म्हटलं की तो आपल्या आजोबा-पणजोबांकडे जातो. जणू ते तेलाचा घाणा फिरवत बसले आणि हातात लेखणी कधी धरलीच नाही.

वस्तुस्थिती काय आहे? १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली. तिच्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या लोकांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली आणि केली. 'इस्राएल धर्मदीप' निघालं, १९१७ पासून इंग्रजी-मराठी 'इस्राएलाइट' निघालं. इस्राएलमध्ये आल्यावरही लेखन थांबलं नाही, 'मायबोली' त्रैमासिक इथूनच निघालं. हे सगळं 'फारसं नाही' असेल तर 'फारसं' कशाला म्हणायचं, ते कोणीतरी सांगावं.

प्रबंधांत मात्र नेहमीची नावं येतात. स्ट्रिझॉवर, इझेनबर्ग, जोन रोलंड, शाल्वा वाइल, आणि आपल्यातले म्हणून हाईम सॅम्युएल केहीमकर व बेंजामिन जे. इस्राएल. या सगळ्यांचं काम मोलाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण केहीमकरांनी आपला इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ साली लिहून झालेलं ते पुस्तक १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. बेंजामिन इस्राएल यांचं १९८४ चं पुस्तकही इंग्रजीतच. ही दोन नावं आली की विद्यार्थ्याला वाटतं, समाजाचा आवाज आला, काम झालं. पण ते आपल्या माणसांनी बाहेरच्या जगाला उद्देशून केलेलं लेखन होतं. आपसात आपण काय बोलत होतो, कशावर भांडत होतो, पोरांना धर्म कसा शिकवत होतो, ते मराठीत आहे.

दुसरी खोड याहून वाईट. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ही गोष्ट सांगताना पाच-सहा पुस्तकांचे दाखले ओळीने दिले जातात. पण त्या पुस्तकांचे दाखले उलगडत मागे गेलं तर बहुतेक धागे केहीमकरांपाशी आणि त्यांच्याआधी समाजाबद्दल लिहिणाऱ्या जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांपाशी येऊन थांबतात. म्हणजे दाखले सहा, साक्षीदार एक-दोन. आढावा या शब्दाचा अर्थच हा, की कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे ते दाखवायचं. नुसती नावं मोजायची असतील तर ते काम ग्रंथपालाची यादी करते.

डेव्हिड राहाबीचं घ्या. परंपरा त्याला कित्येक शतकं मागे नेते. काही अभ्यासक त्याचा संबंध १८व्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. या दोन मतांत शेकडो वर्षांचं अंतर आहे. चांगला आढावा विचारील: पहिलं मत कशावर उभं आहे, दुसरं कशावर, आणि निकाल लावायला कोणता कागद लागेल? आपल्याला वाचायला मिळतं ते असं: 'परंपरेनुसार राहाबी नावाच्या गृहस्थाने धर्म शिकवला.' पुढे परिच्छेद संपतो.

यावर मार्गदर्शकांचं उत्तर ठरलेलं असतं. विद्यार्थ्याला वर्ष-दोन वर्षं मिळतात, तेवढ्यात तो मराठी कधी शिकणार? मान्य. मग त्याने तसं लिहावं: 'मी इंग्रजी आणि हिब्रू साधनं पाहिली, मराठी साधनं आहेत, ती पाहिलेली नाहीत.' एवढ्या एका वाक्याने प्रबंध लहान होत नाही, प्रामाणिक होतो. शिवाय काय काय आहे हे कळायला मराठी यावीच लागते असंही नाही. पूर्वेकडच्या देशांतल्या हिब्रू छपाईची अब्राहाम याअरी यांची सूची आहे, तिच्या १९४० च्या दुसऱ्या भागात भारत येतो, आणि ती हिब्रूतच आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी पुस्तकांची ब्लुमहार्ट यांची १८९२ ची सूची इंग्रजीत आहे. पुण्याच्या हग्गादेची जशीच्या तशी आवृत्ती १९६८ मध्ये न्यूयॉर्कला निघाली. भाषेची सबब इथे चालत नाही.

दुसरं उत्तर असं की समाजाचं स्वतःचं लेखन भाविक आणि एकतर्फी असतं. असेलही. पण विल्सन तरी कुठे तटस्थ होते? ते धर्मांतर करायला आले होते. ब्रिटिश गॅझेटियर लिहिणाऱ्यांना माणसं जातवार खणांत बसवायची होती. त्यांचं लेखन पारखून घेता, मग आमचं न पारखताच बाजूला का ठेवता?

हा फक्त पदवीचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बी मंडळाने आपल्या लोकांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांचा वंश तपासायच्या सूचना काढल्या. माणसं रस्त्यावर उतरली, यरुशलेमला धरणं धरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने आणि क्नेसेटने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. आपण कोण, हे दुसऱ्यांनी ठरवलं की काय होतं, ते त्या पिढीने भोगलं. आज २०१६ च्या जनुकीय अभ्यासाचा दाखला कोणीही चटकन देतो, मराठी हग्गादेचा कोणी देत नाही. आमचं रक्त पुरावा ठरतं, आमचं लेखन ठरत नाही.

आता दोन शब्द घरच्यांसाठी. अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा इथल्या कितीतरी घरांत आजीच्या कपाटात मराठी प्रार्थनापुस्तकं, कीर्तनाच्या वह्या, जुने अंक पडलेले आहेत. घर रिकामं करताना 'आता हे कोण वाचणार' म्हणून ते फेकले, तर उद्याचा विद्यार्थी 'फारसं लिहिलं गेलेलं नाही' असं लिहील आणि ते खरं असेल. फेकण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. पुस्तकाचं नाव, साल आणि छापखाना लिहून ठेवा.

आणि कोणी विद्यार्थी मुलाखतीसाठी घरी आला, तर त्याला चहा द्या, हवी तेवढी माहिती द्या, पण आधी विचारा: 'बाळा, आमच्या लोकांनी लिहिलेलं तू काय वाचलंस?'