पुरस्काराच्या सिनेमाला दौंडचा थांबा

दौंड जंक्शनवरून सोलापूरकडे निघालं की जेऊर लागतं. ‘फँड्री’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे तिथले. मनमाडच्या गाडीत बसलं तर नगरच्या अलीकडे अकोळनेर, म्हणजे ‘फँड्री’तल्या जब्याचं गाव. तिसऱ्या बाजूला पुणं, ‘प्रभात’ फिल्म कंपनीचं. एवढं असूनही राष्ट्रीय पुरस्काराचा सिनेमा म्हटलं की शिरूर-दौंडकडे हात झटकले जातात : ‘ते पुण्या-मुंबईवाल्यांचं काम!’

हे कुणी पढवलं कोण जाणे. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि मुंबईत तो ५७ आठवडे चालला. त्यातली गौरीबाईंची आवली आठवा. पोराच्या दुखण्यानं कावलेली ती बाई वहाण घेऊन तडक देवळात शिरते आणि पांडुरंगालाच जाब विचारते. तिला समजून घ्यायला शिरूरच्या बाजारातल्या माणसाला समीक्षकाची गरज नाही.

‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं १९५४ मध्ये. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीला पुन्हा मिळायला ‘श्वास’पर्यंत पन्नास वर्षं गेली, मग काही-काही वर्षांनी ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ आले.

‘फँड्री’नं मंजुळेंना पदार्पणाचा आणि सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. डुकरामागं सगळं कुटुंब पळतंय, हाताशी आलेलं डुक्कर आता सापडणार, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच ताठ उभा राहतो, घरचेही थबकतात. डुक्कर निघून जातं. हसू येतं आणि घशातच अडकतं. यात अवघड काय आहे?

‘कोर्ट’ संथ आहे, हे मान्य. कॅमेरा हलायचं नाव घेत नाही. पण सरकारी वकीलबाई कोर्ट सुटल्यावर लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, हे पाहताना शिरूरच्या कोर्टात तारखांना खेटे घालणारा माणूस नक्कीच चपापेल.

खोट प्रेक्षकात नाही, वितरणात आहे. अशा सिनेमाला शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये आडवेळेचा एखादा खेळ मिळतो, आठवड्यात तोही उतरतो. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्यालाच एक अट जोडावी : पुरस्कार मिळालेल्या सिनेमाचे काही खेळ तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या सभागृहात, परवडेल अशा तिकिटात. नाही आवडला तर लोक शिव्या घालतील. आज त्यांना तेवढीही सोय नाही.