व्हीआरमधला किल्ला कुणाच्या भाषेत बोलणार?

जुलै २०२५ मध्ये १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रात, बारावा जिंजी मात्र तामिळनाडूत. छत्रपती राजाराम महाराजांनी याच किल्ल्यातून मोगलांशी सुमारे आठ वर्षे झुंज दिली. पण बेळगाव, इंदूर, वडोदऱ्यातल्या किती मराठी घरांनी जिंजी पाहिलाय? अंतर लांब, चढ अवघड. गुडघे धरलेल्या आजीला आणि व्हीलचेअरवरच्या मुलाला तर राजगडही तेवढाच दूर.

व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे व्हीआर, इथे कामाला येऊ शकते. डोळ्यांवर हेडसेट चढवला की गड चहूबाजूंनी दिसतो. मान वळवली की बुरूज समोर. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २०१५ मध्येच कांस्ययुगातले घर असे दाखवले. २०१९ मध्ये पॅरिसच्या लुव्रने मोनालिसा दाखवली.

पण दाखवणे वेगळे, सामावून घेणे वेगळे. इराकमधल्या मोसुल संग्रहालयातली शिल्पे आयसिसने फोडल्याची दृश्ये २०१५ मध्ये जगाने पाहिली. तेव्हा काही तरुण संशोधकांनी लोकांकडून त्या वस्तूंचे जुने फोटो मागवले, त्यांवरून त्रिमितीय प्रतिकृती केल्या. त्यातूनच पुढे व्हीआरमधले मोसुल संग्रहालय उभे राहिले. शिल्पे गेली, पण सामान्य पर्यटकांचे फोटो कामी आले. लोकसहभाग म्हणतात तो हा.

आपल्याकडे पायाभरणी झालेली आहे. पुण्याच्या सी-डॅकने केलेल्या ‘जतन’ प्रणालीमुळे देशातल्या मोठ्या संग्रहालयांतल्या वस्तू ऑनलाइन पाहता येतात. दिव्यांगांना कला आणि संस्कृतीचा आस्वाद घेता यावा, ही सरकारची जबाबदारी २०१६ च्या कायद्यातच आहे. खरा प्रश्न भाषेचा आहे.

मराठ्यांचा वारसा एका राज्यात मावत नाही. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते, वडोदऱ्यात गायकवाडांचा संग्रह, ग्वाल्हेरला शिंद्यांचा राजवाडा, इंदूरला होळकरांचा. ही सारी ठिकाणे महाराष्ट्राबाहेरची, राज्यभाषा मराठीहून वेगळी. दगडी भिंतीवरच्या फलकावर दोन-तीन भाषांपलीकडे जागा नसते, हे एकवेळ मान्य. व्हीआरमध्ये ती सबब चालत नाही. त्याच दृश्यावर तमिळ, कन्नड, हिंदी आणि मराठी निवेदन ठेवता येते, कुणाची जागा न घेता. अंध व्यक्तीसाठी तर निवेदन हेच दर्शन. मग मराठी राहून गेली, तर ती अडचण नसेल, कुणीतरी घेतलेला निर्णय असेल.

हेडसेट महाग आहेत, काहींना ते घातल्यावर गरगरतेही. त्यामुळे घरोघरी नव्हे, तर सीमाभागातल्या वाचनालयांत आणि शाळांत एक-दोन संच ठेवणे जास्त व्यवहार्य. त्याआधी करण्यासारखे काम मात्र बिनखर्चाचे आहे: घरातले जुने फोटो, ट्रंकेतले मोडी कागद, आजी-आजोबांच्या आठवणी मोबाइलवर नोंदवून ठेवणे. उद्या एखादे संग्रहालय लोकांकडे साहित्य मागेल, तेव्हा सीमाभागाकडे द्यायला काहीतरी हवे.