महामार्ग झाला, घोंगडे भिजतच

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. नागपूरहून आठ तासांत मुंबई गाठता येते, हे सांगताना सत्ताधाऱ्यांचा ऊर भरून येतो. जाणारे खुशाल जावोत. आमचा प्रश्न ज्यांना कुठे जायचे नाही, फक्त रस्ता ओलांडायचा आहे, त्यांचा आहे.

पावसाळा सरला की मेंढपाळ कळप घेऊन चराईला निघतो. त्याच्या वाटेत आता दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला रस्ता आहे. या रस्त्यावर पायी चालायला मनाई, दुचाकीला मनाई. मग शे-दोनशे मेंढ्या घेऊन पुलाखालचा बोगदा शोधत फिरायचे. चराई तुटली की कळप लहान होतो, आणि कळपाबरोबर घोंगडीही जाते.

घोंगडी म्हणजे किती हातांचे काम! वर्षातून दोनदा मेंढी कातरायची, लोकर पिंजायची. घरच्या बायांनी सूत कातायचे. त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. मग सणगर किंवा खुटेकर धनगर खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून ती विणणार. आज लोकरीला भाव एवढा पडला आहे की कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. इकडे आग्रा महामार्गाच्या कडेला पानिपतच्या, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून बनवलेल्या ब्लँकेटांचे ढीग लागतात. ज्या रस्त्याने मेंढीची वाट अडवली, त्याच रस्त्याने घोंगडीचा दुश्मन आला!

२०१७ साली सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावाने जमीन देण्यास कडाडून विरोध केला. पुढे मोबदला पाचपटीपर्यंत गेला. शेतकऱ्याला तो मिळालाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण थेट खरेदीचे खत सातबाऱ्यावर नाव असलेल्याशीच होते. शेतमजुराचे, विणकराचे, मेंढपाळाचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' म्हणजे नुसता जमीनमालक मानलेला नाही. त्या भागात तीन वर्षे राबणारा भूमिहीन मजूर, वाटेकरी आणि कारागीर यांची उपजीविका बुडत असेल, तर तेही बाधितच. कायद्यात शब्द आहे. खरेदीखतात त्याला जागा नाही.

घोंगडी विणणारे आमच्या वस्तीतले नाहीत, मग चळवळीने हे का सांगावे, असे कोणी विचारील. गायरानावरून मेंढपाळात आणि आमच्या भूमिहीनांत खटके उडतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण भूमिहीनांसाठी १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह उभे करणारे दादासाहेब गायकवाड याच नाशिकचे. जातिव्यवस्था ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी आम्हाला शिकवले. पडीक जमीन रस्त्याखाली गेली, तर तिच्यावर जोंधळा पेरणाराही उठतो आणि मेंढी चारणाराही. दोघांच्याही हातात कागद नसतो.

आता सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकभोवती रिंगरोडची तयारी चालली आहे. मोजणीचे अधिकारी गावात येतील तेव्हा चावडीवर फक्त खातेदारांची यादी वाचली जाईल. त्या दिवशी आमच्या कार्यकर्त्यांनी दुसरी यादी हातात घेऊन जावे. गावात माग किती, कळप किती, मजुरांची घरे किती, हे तिच्यात नावानिशी लिहावे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.