आधी मोजा, मग बदला

मंडळी, बर्‍याच वीकांतांनी लिहायला बसलोय. मधले सगळे शनिवार-रविवार एका यंत्राने खाल्ले. त्या यंत्राबद्दल थोडं आणि आपल्या लोकांच्या एका सवयीबद्दल बरंच काही लिहायचंय. ज्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलाय त्यांनीही वाचायला हरकत नाही :-)

तर झालं असं. मिनेसोटात येऊन मला तीन वर्षं झाली. इथे हिवाळा नोव्हेंबरात येतो आणि मार्च संपला तरी जायचं नाव घेत नाही. घरात बसून बसून डोकं फिरतं. शेवटी मी आणि माझा रूममेट, दोघांनी पैसे घालून एक जुनी स्नोमोबिल घेतली. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, बसायला स्कूटरसारखी सीट. या राज्यात तिच्यासाठी वीस हजार मैलांहून जास्त लांबीच्या वाटा आखलेल्या आहेत. आमची गाडी फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवाली, बटण स्टार्ट. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना दोरी ओढून चालू करायची सोय असायची आणि बर्‍याच गाड्यांना बॅटरीच नसायची. आमच्या गाडीचं मात्र सगळं बॅटरीवर. बॅटरी गेली की ती गाडी म्हणजे अडीच-तीनशे किलोचं लोखंड.

गेल्या जानेवारीत मिल लॅक्स नावाच्या तलावावर गेलो होतो. तलाव कसला, समुद्रच तो, फक्त गोठलेला. मध्यावर थांबून थर्मासमधला चहा प्यायलो, फोटो काढले. परत निघताना सेल्फ मारला. टक्. परत मारला. टक्-टक्-टक्. उणे बावीस तापमान, पाचच्या सुमाराला अंधार पडायला लागलेला आणि थंडीने फोनची बॅटरीपण चार टक्क्यांवर. चारही बाजूंना पांढरं, किनारा कुठे ते कळेना. पहिली दहा मिनिटं आम्ही हसत होतो. नंतर हसणं बंद झालं. अर्ध्या तासाने मासे पकडायला आलेले दोघं जण त्यांच्या गाडीवरून चालले होते, त्यांनी दोरी बांधून ओढत नेलं. ते आले नसते तर? या प्रश्नाचं उत्तर मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

ही गाडी कुणी बनवली ते नंतर वाचलं. कॅनडात क्वेबेकमधल्या व्हॅल्कूर गावचा जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए हा एक गॅरेजवाला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला, कारण बर्फामुळे त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. १९३७ मध्ये त्याने बर्फावर पट्ट्याने चालणार्‍या गाडीचं पेटंट घेतलं आणि १९५९ मध्ये त्याच्याच कंपनीची स्की-डू बाजारात आली. म्हणजे आमच्यासाठी वीकांताचा खेळ असलेली ही गाडी ज्याने बनवली, त्याच्यासाठी बर्फात अडकणं हा खेळ नव्हता. असो.

घरी आल्यावर मी काय केलं? जे कुठलाही आयटीवाला करेल तेच. बॅटरी डाऊन झाली ना, मग बॅटरी बदला. १३० डॉलर. पुढच्या शनिवारी गाडी झकास चालली. त्याच्या पुढच्या शनिवारी परत टक्-टक्. मग म्हटलं रेग्युलेटर गेला असणार. १९० डॉलर. आठवड्याने परत तेच. आता उरला स्टेटर. तो इंजिनाच्या आत, मजुरी धरून सहाशेच्या वर. एका चॅटबॉटला विचारलं तर त्याने सात शक्यता सांगितल्या. सातही बरोबर होत्या, पण माझ्या गाडीत सातातली कुठली ते त्याला कसं कळणार? मीच त्याला काही सांगितलं नव्हतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच!

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे रात्री, बाबांशी बोलणं झालं. बाबा सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर झालेत. त्यांनी आयुष्यात स्नोमोबिल पाहिलेली नाही. मी सगळी कहाणी सांगितली, ऑर्डर करणार असलेल्या स्टेटरची किंमतपण सांगितली. ते शांतपणे म्हणाले,

"मोजलंस का?"

"काय मोजू?"

"अरे, व्होल्टेज! बॅटरीवर किती येतंय, रेग्युलेटरवर किती येतंय. आमच्या गाड्या चोवीस व्होल्टच्या, तुझी बाराची. नियम तोच. इंजिनियर ना तू?"

शेवटचं वाक्य ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. मला मात्र ते लागलं, कारण उत्तर खरोखर 'नाही' होतं. ३२० डॉलर घालवले होते, पण गाडीला मीटर एकदाही लावला नव्हता. घरात मीटरच नव्हता.

पंचवीस डॉलरचा मल्टिमीटर आणला. पुढचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण दहावीच्या विज्ञानाच्या पलीकडचं काही नाही.

या गाडीचं चार्जिंग असं चालतं : इंजिनासोबत फ्लायव्हील फिरतं, त्यात चुंबकं असतात. त्यांच्या समोर तारांची वेटोळी असलेला स्टेटर. त्यातून एसी वीज निघते. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिची डीसी करतो आणि साधारण १४ ते साडेचौदा व्होल्टवर रोखून बॅटरीकडे पाठवतो. वीज बनते, बदलते, पोचते आणि साठते. बिघाड या चारपैकी कुठेतरीच असणार. म्हणजे प्रश्न 'कुठला पार्ट गेला' हा नाहीच. 'वीज कुठपर्यंत ठीक येतेय' हा आहे.

पहिलं माप : बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली. १२.६ व्होल्ट. बॅटरी ठीक.

दुसरं : मागचा भाग स्टँडवर पक्का उचलून, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून इंजिन चालू केलं. (इंजिन जरा चढवलं की क्लच पकडतो आणि पट्टा फिरायला लागतो. मागे कुणीही उभं राहायचं नाही. बंद गॅरेजमध्ये धुराने माणूस मरतो, तेव्हा दाराच्या बाबतीत आळस नको.) हँडलचे हीटर चालू केले. बॅटरीवर १४ च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसले १२.३, तेही हळूहळू उतरणारे. म्हणजे बॅटरीला काही मिळत नव्हतंच, उलट तिच्यातूनच जात होतं.

तिसरं : स्टेटरचा प्लग काढून त्याच्या तीन तारा दोन-दोन करून तपासल्या. तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्टेज जवळपास सारखं, इंजिन चढवलं की तेही चढत होतं. आकडे मॅन्युअलशी जुळले. इंजिन बंद करून कुठलीही तार बॉडीशी अर्थ झालीय का ते पाहिलं, नव्हती. म्हणजे जो सहाशे डॉलरचा स्टेटर मी बदलणार होतो तो ठणठणीत होता. इथे मी खाली बसलो.

चौथं : रेग्युलेटरच्या बाहेर पडणार्‍या तारेवर मोजलं. १४.४! आणि चार फुटांवर बॅटरीवर १२.३. मधले २.१ व्होल्ट गेले कुठे?

तारेवरून बोट फिरवत गेलो. सीटखाली एक कनेक्टर. आतून हिरवा पडलेला, प्लास्टिक एका बाजूने किंचित वितळलेलं. सापडला!

गंमत अशी, की हा कनेक्टर मी ओहम मोजायच्या सेटिंगवर तपासला असता तर निसटला असता. साधारण ०.२ ओहमचा रोध, स्वस्तातल्या मीटरवर तो शून्यासारखाच दिसतो. पण त्यातून दहा अँपिअर जायला लागले की ०.२ गुणिले १० म्हणजे २ व्होल्ट गायब, आणि २ गुणिले १० म्हणजे २० वॅट उष्णता त्या एवढ्याशा प्लास्टिकमध्ये. म्हणून ते वितळलं. आणि रेग्युलेटर बिचारा स्वतःपाशी १४.४ बघून समजत होता की सगळं आलबेल आहे. तार चालू करंटखाली मोजायची, बंद पडलेली असताना नाही. बाबांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, "लोड टाकून बघ, रिकाम्या वायरला सगळं बरं दिसतं."

कनेक्टर कापला, तारा साफ केल्या, नवीन थिंबल दाबून बसवल्या, वरून श्रिंक ट्यूब. बॅटरीची अर्थची वायर पण सोडून, घासून परत बसवली. खर्च सहा डॉलर.

आता खरा मुद्दा. हे मला आधी का सुचलं नाही? माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आहे हो! फुल-वेव्ह रेक्टिफायरचा रिपल फॅक्टर ०.४८२, अजून पाठ आहे. तो सिद्ध करून दाखवायचे मार्क मला पैकीच्या पैकी पडले होते. पण प्रॅक्टिकलला आम्ही काय केलं ते आठवतंय? सिनियरचं जर्नल आणायचं. त्याच्या रीडिंगमध्ये थोडं इकडेतिकडे करायचं. उत्तर आधीच माहीत असायचं, त्यावरून उलटी रीडिंग तयार करायची. ग्राफ आधी काढायचा, बिंदू नंतर टाकायचे. तुमच्या कॉलेजात असं नसेल तर तुम्ही भाग्यवान. आमच्याकडे चार वर्षांत शिकवलेली सगळ्यात पक्की गोष्ट हीच, की माप ही उत्तराला जुळवून घ्यायची वस्तू आहे.

मग गॅरेजमध्ये मी वेगळं काय केलं? 'बॅटरी गेली' हे उत्तर आधी ठरवलं आणि पैसे टाकून ते खरं करायला गेलो. आणि ऑफिसात? सर्व्हर स्लो झाला, रीस्टार्ट कर. तरी स्लो, मेमरी वाढव. तरी स्लो, डेटाबेसवाल्यांवर ढकल. लॉग उघडून कुठल्या टप्प्यापर्यंत वेळ ठीक आहे आणि कुठल्या टप्प्यानंतर बिघडतोय हे पाहणारा टीममध्ये एखादाच. आणि रीस्टार्टने दोन दिवस बरं वाटतं ना, तोच घोटाळा आहे. नवी बॅटरीपण दोन शनिवार चाललीच होती. ती स्वतःचा साठा संपवत होती, आणि मी समजत होतो की रोग बरा झाला.

दुसरी बाजूही आहे, ती मान्य करायला हवी. इथे मेकॅनिकचा तासाचा दर बघितला तर चार तास शोधत बसण्यापेक्षा पार्ट बदलणं खरंच स्वस्त पडू शकतं. आणि मित्राच्या चालू गाडीतला चांगला रेग्युलेटर पाच मिनिटं लावून बघणं हेसुद्धा एक मापच आहे. त्यातून काहीतरी कळतं आणि पार्ट परत देता येतो. माझा आक्षेप बदलण्याला नाही. काही न कळता बदलण्याला आहे. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, मटका म्हणतात.

आणि थंड प्रदेशात या मटक्याची किंमत फक्त डॉलरमध्ये नसते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. (गोठलेल्या बॅटरीला कधीही चार्जर लावू नका, फुटते.) त्या तलावावर आमची बॅटरी दर मिनिटाला थोडी रिकामी होत होती आणि आम्ही फोटो काढत होतो.

एक शेवटचं. बारावीनंतर मी इंजिनियरिंगला गेलो तेव्हा बाबा म्हणाले होते, "आता तुला हात काळे करायची गरज नाही." मलाही ते आवडलं होतं. त्यांच्या कामाला मी कधी 'इंजिनियरिंग' समजलो नाही. गाड्या दुरुस्त करतात, एवढंच. ज्या वर्कशॉपमध्ये स्पेअर पार्ट वेळेवर मिळायची मारामार, तिथे माणूस अंदाजाने पार्ट बदलूच शकत नाही. तिथे शोधावंच लागतं. हे मला एकोणतिसाव्या वर्षी, सहा डॉलरच्या कनेक्टरमुळे कळलं.

काम झाल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. काळे झालेले हात दाखवले. म्हटलं, बाबा, चालू झाली, तुमच्यामुळे.

ते म्हणाले, "ते राहू दे. बॅटरीवर आता किती येतंय?"

"१४.२. हीटर चालू ठेवून."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.